नारळ मोडला, फुटला की वाढवला?

ओली_वाळू

मागच्या गणपतीत सांगलीला आरती झाल्यावर माझ्या नवऱ्याने नारळ हातात घेतला आणि भरल्या घरात विचारलं, "आई, हा मी मोडू का?" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. नवरा डच आहे, चार वर्षं मराठी शिकतोय आणि चांगलं बोलतो. काकांनी सुधारलं, "मोडू नाही, फोडू म्हणायचं." तेवढ्यात आजीने काकांनाच सुधारलं, "देवासमोर फोडू काय म्हणतोस? वाढवू म्हण." इथे मात्र नवऱ्याने हात टेकले. दहाच मिनिटांपूर्वी त्याला कुणीतरी "भात वाढू का" विचारलं होतं, आणि सकाळी माझ्या भाच्याकडे बघून सगळे "किती वाढला गं हा" म्हणत होते.

परत येताना विमानात तो वहीत तक्ता करत बसला होता. कप फुटतो, काठी मोडते, दोरी तुटते, कापड फाटतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना त्याच्या भाषेत एकच 'ब्रेकन' पुरतं. मला विचारलं, नियम काय? मला सांगता येईना. आयुष्यात एकदाही चुकले नाही, पण नियम विचाराल तर ठणठण गोपाळ.

मी हसले नाही, कारण माझीही जखम जुनी आहे. आइंडहोवनला नवीन असताना केस कापायला गेले आणि इंग्रजी 'कट'च्या जागी शब्दकोशातलं पहिलं क्रियापद ठेवून सांगितलं, केस 'स्नायडन' करायचेत. बाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, सुरी आणू? डचमध्ये सुरीने कापणं म्हणजे 'स्नायडन', कात्रीने कापणं म्हणजे 'क्निपन'. आपलं 'कापणे' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीचंही चालतं, त्यामुळे तिथे भिंत असेल अशी शंकाच आली नाही.

या विषयावरचं बरंचसं संशोधन आमच्यापासून तासाभरावरच्या नायमेखनला झालंय हे मला नंतर कळलं. तिथल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत मेलिसा बोअरमन, आसिफा माजिद आणि सहकाऱ्यांनी कापण्या-तोडण्याच्या 61 छोट्या चित्रफिती बनवल्या आणि 28 भाषांच्या लोकांना दाखवून एवढंच विचारलं की इथे काय झालं, तुमच्या भाषेत सांगा. निष्कर्ष मला फार आवडला. मोठी रूपरेषा बहुतेक भाषांत सारखी निघाली. वस्तू नेमकी कुठून विलग होणार हे आधी किती सांगता येतं, यावर पहिली मोठी विभागणी होते. विळीवर दुधी धरला की पातं टेकेल तिथेच चिरला जाणार. कप फरशीवर पडला तर किती तुकडे होतील ते देवाला माहीत. हे सगळ्यांना जाणवतं. पण त्या पट्ट्यावर कुंपणं किती घालायची आणि कुठे, ते ज्या त्या भाषेने आपापलं ठरवलंय.

मग माझं म्हणणं असं. दुसऱ्या भाषेतला शब्द आपण जुन्याच अर्थावर नवी चिठ्ठी चिकटवावी तसा शिकतो. आणि आपल्यासारखे लोक तिसरी भाषा शिकताना ती चिठ्ठी मराठी अर्थावर न लावता इंग्रजीवर लावतात, कारण पुस्तकं इंग्रजीतून असतात. त्यात कधी कधी घरचीच मदत हातची जाते.

माझं उदाहरण. डचमध्ये इंग्रजी 'ऑन'च्या जागी तीन शब्द आहेत. टेबलावर कप असेल तर 'ऑप'. भिंतीला तसबीर, दाराला मूठ, फांदीला सफरचंद असेल तर 'आन'. मेणबत्तीभोवती फीत असेल तर 'ऑम'. दीड वर्ष मी यात गटांगळ्या खाल्ल्या. एक दिवस भांडी घासताना लक्षात आलं, अगं बाई, 'आन' म्हणजे आपला 'ला'! भिंतीला घड्याळ, दाराला कडी, झाडाला आंबे. आणि पाल मात्र भिंतीवर, तिथे डचही 'ऑप'च म्हणतात. त्यानंतर माझ्या या चुका निम्म्यावर आल्या असतील.

तुम्हाला कुणाला असं झालंय का? मराठी शिकवणाऱ्यांचे अनुभव तर हवेच आहेत.

ताकभात

"सुरी आणू?" 😂😂 वाचनखूण साठवली.

खडूफळा

छान धागा. सव्वीस वर्षं मराठी माध्यमात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे चिठ्ठीची उपमा पटली. 'फिंगर ऑफ द लेग' दरवर्षी वाचलंय. आपल्याकडे हातालाही बोटं आणि पायालाही बोटंच. 'सावली'चंही तेच. उन्हातून पळून बसतो ती आणि जमिनीवर आपल्याबरोबर चालते ती, दोन्ही सावल्याच. पोरं 'शॅडो'त बसतात.

यावर नान जियांग यांचा 2002 चा एक सुंदर प्रयोग आहे. चिनी भाषेत 'प्रश्न' आणि 'अडचण' या दोन्हींना एकच शब्द आहे, इंग्रजीत दोन. अशा इंग्रजी जोड्या त्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या, उत्तम इंग्रजी येणाऱ्या चिनी मंडळींना दिल्या आणि विचारलं, या शब्दांचे अर्थ किती जवळचे? चिनीत ज्यांचा अनुवाद एकच होतो त्या जोड्या त्यांना जास्त जवळच्या वाटल्या, निर्णयही लवकर झाला. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना त्या जोड्यांत काही विशेष दिसलं नाही. गंमत अशी की काम सगळं इंग्रजीत होतं, चिनीचं नावही नव्हतं. तरी जुना अर्थ खालून हलत होता. पुढे कोरियन लोकांवरही असंच दिसलं.

जियांग यांचं म्हणणं असं की बरेच शब्द याच अवस्थेत थिजतात, कारण काम भागतं. 'शॅडो'त बसलेल्या पोराला कोण उठवायला जातं?

शंकेखोर

धागा रोचक आहे, पण दोन खडे टाकतो.

एक. 'आन' आणि 'ला' हा योगायोग असू शकतो. आपल्या 'ला'च्या पोटात काय काय आहे! मुंबईला जातो, पाच वाजता निघून सहाला पोचतो, मला भूक लागते, शंभरला दोन. यातलं एक डचशी जुळलं म्हणून नियम होत नाही. शिवाय 'झाडावर आंबे आहेत' हेही मराठीच आहे.

दोन. या विषयात चमकदार गोष्टी फार पसरतात. जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी म्हणून जर्मन लोक तिला कणखर वगैरे विशेषणं देतात, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी म्हणून नाजूक, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलं असेल. लेरा बोरोडित्स्की आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एका पुस्तकात लिहिलेल्या प्रकरणातला तो दाखला. 2014 मध्ये मिकन, शीफके आणि स्टेफानोविच यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर तसा परिणाम मिळालाच नाही. पण भाषणांतून किल्ली अजून नाजूकच आहे.

ओली_वाळू

@शंकेखोर, किल्लीबद्दल शंभर टक्के मान्य. मी म्हणतेय ते वेगळं आहे. भाषेमुळे जग वेगळं दिसतं असा माझा दावा नाही. शब्द कुठे लावायचा हे शिकताना आधीचं कुंपण आडवं येतं, इतकंच.

'आन' हा डच मुलांनाही जड जातो हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. डेड्रे गेंटनर आणि बोअरमन यांनी 2009 मध्ये इंग्रजी आणि डच मुलांची तुलना केली. इंग्रजी मुलं 'ऑन' लवकर उचलतात. डच मुलं 'ऑप' लवकर शिकतात आणि 'आन', 'ऑम'च्या जागीही तेच ठोकत राहतात. त्यांचं स्पष्टीकरण असं की जगातल्या पुष्कळ भाषांत जी विभागणी सापडते ती मुलांनाही सोपी जाते, आणि विरळा असते ती उशिरा जमते.

तेव्हा लहान मुलांच्या आयाबाबांना प्रश्न : तुमची पोरं 'भिंतीला घड्याळ' म्हणतात की 'भिंतीवर'?

जिरेगूळ

आमची साडेतीन वर्षांची आहे. आत्ताच विचारलं, घड्याळ कुठंय? म्हणाली, "तिथ्थे." संशोधन संपलं.

मिरजकडचा

सांगलीचा विषय निघाला आणि आम्ही गप्प बसायचं, हे होणे नाही.

आमच्या शेजारचं कुपवाड भाषाविज्ञानात जगप्रसिद्ध आहे, हे तिथल्याच लोकांना माहीत नसतंय. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा 1971 चा लेख. छापलेलं नाव 'कुपवार'. मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू. घरात ज्याची त्याची भाषा, रस्त्यावर बहुतेकांना एकाहून जास्त येणार. पिढ्यान्पिढ्या असं चाललंय. ह्यांनी दाखवलं की ह्या भाषांचे शब्द वेगळेच राहिले, पण वाक्याची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उचलता येतं.

अर्थाच्या बाजूनं सगळ्यात भारी भाग लिंगाचा. कन्नडमध्ये लिंग अर्थावर चालतं. पुरुष असला तर पुल्लिंग, बाई असली तर स्त्रीलिंग, बाकी वस्तू न् जनावरं नपुंसक. विषय कट. मराठीत तसं काय नाही, खुर्ची बाई का आणि टेबल ते का, ह्याला उत्तर नाही. तर कुपवाडच्या मराठीनं कन्नडचा हिशेब घेतला. लेखात उदाहरण आहे, 'तिथं नदी आली'च्या जागी 'नदी आलं'. नदी काय बाई नव्हे, म्हणून आलं.

आमच्या शाळेत असल्या 'आलं'ला छडी मिळायची.

सरळरेघ

म्हणजे अशुद्ध बोलण्याला आता संशोधनाचा टिळा? नदी स्त्रीलिंगीच आहे. चूक ती चूकच.

मिरजकडचा

चूक एका माणसाची असती. अख्खं गाव तीच 'चूक' एकाच पद्धतीनं करायलंय म्हटल्यावर त्याला नियमच म्हणायला लागतंय की. आणि बघा, कन्नड माणसाला 'नदी आली' शिकवायला किती कष्ट, आणि 'नदी आलं' समजायला मराठी माणसाला कष्ट किती? शून्य.

खडूफळा

मिरजकडचा, तुम्ही नकळत रुमियाना स्लाबाकोवांच्या दारात येऊन उभे राहिलात. दुसऱ्या भाषेतला अर्थ हाच त्यांचा विषय, 2008 साली त्यावर पुस्तकही आलं. त्यांचा सिद्धांत बाटलीच्या गळ्याचा म्हणून ओळखला जातो. वाक्याचा अर्थ जुळवण्याची यंत्रणा माणसाकडे आधीपासून असते, ती भाषेगणिक पुन्हा शिकावी लागत नाही. अडतं ते प्रत्ययांपाशी. काळ, लिंग, वचन, निश्चितता हे सगळं ज्या बारीक प्रत्ययांत कोंबलेलं असतं तोच बाटलीचा गळा. तो पार झाला की अर्थ आपोआप वाहतो.

धागाकर्तीच्या यजमानांना विचारा. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी फळ खाल्लं' यात समजायला अवघड काहीच नाही. खाणारा मीच, काम संपलेलं. पण क्रियापद माझ्याकडे पाठ फिरवून आंब्या-पोळीशी जुळतंय, हे तोंडात बसायला वर्षं जातात.

आता माझा स्वतःचा चाळीस वह्यांचा कंटाळा सांगतो : 'द'. आपल्याकडे इंग्रजीतल्या 'अ', 'द'सारखी उपपदं नाहीत, म्हणून मुलं 'द' वाट्टेल तिथे टाकतात असं मी समजत होतो. मग तानिया आयोनिन, हीजोंग को आणि केन वेक्सलर यांचा 2004 चा लेख वाचनात आला. उपपदं नसलेल्या रशियन आणि कोरियन भाषांचे लोक इंग्रजी शिकताना चुकतात, पण वाट्टेल तिथे चुकत नाहीत. इंग्रजीत 'द' लागतो तो ऐकणाऱ्यालाही वस्तू ठाऊक असेल तेव्हा. हे शिकणारे मात्र अधूनमधून तो अशा ठिकाणी लावतात जिथे वस्तू फक्त बोलणाऱ्याच्या मनात पक्की आहे. म्हणजे त्यांच्या चुकीमागे एक अर्थच आहे, फक्त तो इंग्रजीने निवडलेला नाही.

हे वाचून मी वह्या पुन्हा काढल्या. आपल्याकडे 'मी डॉक्टर शोधतेय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतेय' यात केवढा फरक आहे बघा. पहिलीला कुणीही चालेल, दुसरीच्या मनात ठरावीक डॉक्टर आहेत, मग ते ऐकणाऱ्याला माहीत असोत की नसोत. माझी मुलं दुसऱ्या जातीच्या वाक्यात 'द' जास्त घालतात असा माझा अंदाज आहे. मोजदाद केलेली नाही, मास्तरचा अंदाज समजा.

किरमिजी

जपानमधून हजेरी. इथे 'घालणे' हा शब्दच अंगाच्या भागांप्रमाणे वाटून टाकलाय. सदरा 'किरू', पँट आणि बूट 'हाकु', टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु'. माझ्या वर्गातली इंग्रजीभाषक मंडळी कुरकुरत होती. मी म्हटलं, आमच्याकडे या. सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, चष्मा लावतात. मला ही विभागणी वेगळी असली तरी अशी विभागणी असते याचं नवल वाटलं नाही. धागाकर्तीचा मुद्दा तोच आहे का?

दुसरं. टोकियोच्या राष्ट्रीय जपानी भाषा आणि भाषाविज्ञान संस्थेतले प्रशांत परदेशी यांनी सहकाऱ्यांबरोबर 'खाणे'वर काम केलंय. मार खाणे, पैसे खाणे, डोकं खाणे यांसारखे प्रयोग आशियात कुठे कुठे आहेत याचा नकाशाच 2006 मध्ये मांडला. मराठी 'खाणे' किती पसरलंय हे परक्या भाषेत गेल्याशिवाय जाणवत नाही. मी एकदा सहकाऱ्याला जपानीत 'माझं डोकं खाऊ नकोस' म्हणाले. तो दोन पावलं मागे सरकला.

ताकभात

"दोन पावलं मागे" 😂 या धाग्यावर चहा पिऊ नये.

शंकेखोर

किरमिजी यांच्या प्रतिसादातून एक उपयोगाचा प्रश्न निघतो. 'डोकं खाऊ नकोस' हे आपण सहसा शब्दशः नेत नाही, चाचरतो. कुठे चाचरायचं हे कसं ठरतं? त्यावरही नायमेखनमध्येच काम झालंय, एरिक केलरमन, 1978. त्यांनी 'ब्रेकन' असलेली 17 डच वाक्यं घेतली आणि डच विद्यार्थ्यांना विचारलं, यातल्या कुठल्या 'ब्रेकन'ला इंग्रजीत 'ब्रेक' चालेल? पाय मोडणं, कप फुटणं याला बहुतेकांनी होकार दिला. भूमिगत प्रतिकार मोडून काढणं वगैरेला नकार. खरं तर इंग्रजीत तेही चालतं. म्हणजे शिकणारा आपल्या भाषेतला सगळा माल नेत नाही. शब्दाच्या गाभ्यातला अर्थ तेवढा नेतो, कडेचा अर्थ 'हे आमचं घरगुती असणार' म्हणून मागे ठेवतो.

त्यामुळे तुमच्या चिठ्ठीच्या उपमेला एक दुरुस्ती. चिठ्ठी अख्ख्या अर्थावर लागत नाही, मधोमध लागते. कडा मोकळ्या फडफडतात.

आणि माझी कबुली. लंडनला नोकरीत असताना वीस पौंडांची नोट मोडून हवी होती. 'ब्रेक' ओठांवर आलं आणि गिळलं, म्हटलं हे शुद्ध मराठीचं भाषांतर, हसतील. 'चेंज'वर वेळ मारून नेली. माझ्या मागचा इंग्रज पुढे झाला आणि म्हणाला, "कॅन यू ब्रेक अ ट्वेंटी?"

ओली_वाळू

@शंकेखोर, हा प्रतिसाद चौकटीत लावण्यासारखा आहे. दुरुस्ती मान्य.

@किरमिजी, हो, तोच मुद्दा, तुम्ही जास्त सरळ सांगितलात. डचमध्ये कोट 'आन', टोपी आणि चष्मा 'ऑप', टाय आणि घड्याळ 'ऑम'. इंग्रजीतून शिकताना हे सगळं 'ऑन' म्हणून येतं आणि पाठ करावं लागतं. आपल्याकडे गळ्यात मंगळसूत्र, डोळ्याला चष्मा, डोक्यावर टोपी, पायात चप्पल. जुळत नाही, पण जुळणार नाही हे आधी कळतं.

नदीकाठचा

उशिरा आलो. 'आन' आणि 'ला'वरचा शंकेखोरांचा आक्षेप वाचून हसू आलं, कारण त्यांच्याच यादीत मुख्य गोष्ट राहिली आहे. 'जानला पुस्तक दे' हे डचमध्ये कसं म्हणाल? पुस्तक 'आन' जान. देणं ज्याच्याकडे जातं त्यालाही 'आन' लागतो, आपल्याकडे 'ला'. आणि काटवाइक आन झे हे गाव, म्हणजे समुद्राला लागून असलेलं. टेकणं, चिकटणं, पोचणं हे अर्थ दोन्हीकडे एकाच शब्दात नांदतायत. दोन भाषांचं याबाबतीत आपसात काही ठरलेलं नसणार. पण योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकं हे आडवंतिडवंही नाही.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. अर्धा आक्षेप मागे. उरलेला अर्धा असा की 'वाट पाहणे'ला डचमध्ये 'ऑप' लागतं म्हणे, आणि 'आठवण काढणे'ला 'आन'. तिथे तुमचा 'ला' काय करतो?

ओली_वाळू

काही करत नाही. तिथे पाठांतर. 🙂

आता ताजी बातमी. शंकेखोरांचं वाचून मी घरी 'मोडणे'ची परीक्षा घेतली. हाड मोडलं, लग्न मोडलं, नियम मोडला, नोट मोडली, खोड मोडली, बोटं मोडली, एफडी मोडली, अशी यादी नवऱ्याला दिली आणि विचारलं, कुठे 'ब्रेकन' चालेल? हाड आणि नियम लगेच. लग्नावर बराच विचार. 'खोड मोडली' म्हणजे झाडाचं खोड समजून होकार, तो मी बाद केला.

पण या परीक्षेमुळे 'मोडणे' त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि आजीची शिकवणही. काल आईचा फोन आला. घराच्या रंगकामासाठी पैसे हवेत, तर जावईबापूंनाच विचारत होती, "एफडी मोडू का रे?"

तो अत्यंत आदराने म्हणाला, "आई, मोडू म्हणू नये. वाढवा."

आईला वाटलं, जावई विचार करून सांगतोय. आज सकाळी बँकेत जाऊन तीन वर्षांची मुदत वाढवून आली.